गाडी जाईल एवढी वाट

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे झालं त्यात टायरांचा दोष थोडा आणि माझा जास्त आहे.

मी बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो. शेवगावच्या बाजूला काळ्या रानात आमची वस्ती आहे. मोटार जळाली की शेतकऱ्याला धीर नसतो, उभं पीक डोळ्यांसमोर सुकत असतं. म्हणून चारही चाकांना जोर मिळणारी जीप घेतली होती आणि ती बांधावरून, ओढ्यातून, नांगरटीतून रोज हाणत होतो. मग आईच्या किडन्या गेल्या आणि तीच गाडी आठवड्यातून तीनदा नगरच्या दवाखान्यात जायला लागली.

सोमवार, बुधवार, शनिवार. सकाळी सातला घर सोडायचं, साडेनऊला आई मशीनवर, चार तास डायलिसिस, दुपारी उशिरा परत. आई त्याला धुणं म्हणते. "आज माज्या धुन्याचा वार," असं म्हणत ती सकाळी लुगडं नेसते. पाणी मोजून प्यायचं, लोणचं बंद, डाळ बंद, टोमॅटो बंद. माझं दुकान त्या तीन दिवसांत बंद आणि उरलेल्या दिवसांत लोकांच्या शिव्या खायला उघडं. तक्रार करत नाही, पण सोमवार उजाडला की मला आपलं दावणीला बांधल्यासारखं वाटायचं.

आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर काळ्या मातीची वाट आहे. गेल्या वर्षी परतीच्या पावसात त्या वाटेवर गाडी बसली. पुढची चाकं फिरत होती, मागची फिरत होती, गाडी मात्र खाली खाली चालली होती. ट्रॅक्टर मिळेपर्यंत दुपार झाली आणि आईचा वार चुकला. दुसऱ्या दिवशी नेलं तेव्हा तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते, आणि दम असा लागला होता की तिला आडवं होता येईना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "एक वार चुकला की पुढच्या वाराची खात्री मी देऊ शकत नाही." आवाज न चढवता सांगितलं म्हणून जास्त लागलं. जिना उतरताना मी ठरवलं की आता आभाळ फाटलं तरी आईचा वार चुकू द्यायचा नाही.

तेव्हापासून मोबाईलवर टायर बघण्याचा नाद लागला. बोट बोट खोल खाचा असलेले, रुंद, उंच, चिखलाचे टायर. जेवताना बघायचो, मशीनच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून बघायचो. बायको म्हणाली, "लग्नाआधी माझा फोटोसुद्धा एवढ्यांदा बघितला नसेल." नगरमधल्या एका दुकानदारानं सांगितलं की असे टायर रोजच्या वापराला जड पडतील, सुकाणू जड होईल, तेल जास्त पिईल, डांबरीवर आवाज करतील. मी म्हणालो, गाणी ऐकायला घेत नाही.

अडचण एकच होती. नगरला मी आठवड्यातून तीनदा जात होतो, पण गाडी दुकानात सोडली आणि काम लांबलं तर आईला परत कसं आणायचं? शेवटी दुकानदारानं त्याचा फिटर रविवारी घरी पाठवायचं कबूल केलं. रिंगांवर चढवलेली पाच नवी चाकं पिकअपमधून आली. पिकअपवाला आमच्या बोळाच्या तोंडाशीच थांबला. "आरसा जाईल माझा," म्हणाला. मग आम्ही एकेक चाक उभं करून बोळातून लोटत अंगणात आणलं. जुनी चाकं बदल्यात द्यायची होती, ती त्याच बोळातून लोटत नेली आणि पिकअपमध्ये टाकली. दोन्ही वेळा मी त्या बोळातून चाललो, आणि दोन्ही वेळा माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

आता त्या बोळाचं सांगायला हवं.

वाटणीत पुढचा भाग चुलत्याला गेला, मागचा आम्हाला. आमची वाट चुलत्याच्या अंगणातून. चुलतभाऊ माझ्याच वयाचा, दोघं एका वर्गात होतो. तीन वर्षांपूर्वी त्यानं वाटेवर कांदा पसरला होता. मला घाई होती. मी दोनदा हॉर्न दिला, तिसऱ्यांदा दिला नाही, कांद्यावरून गाडी घातली. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं आणि त्यानं वाटेच्या दोन्ही बाजूंनी भिंत घालायचं काढलं.

गावातली चार जुनी माणसं बसली. आमच्याकडं अशा भांडणात टेपवर कुणाचा विश्वास नसतो, प्रत्येकाची टेप वेगळं बोलते. वाट मोजायची ती गाडीनं. पूर्वी बैलगाडी हाकायचे आणि चाकोरीच्या दोन्ही अंगांना खुणा करायचे. आता ज्याची जी गाडी असेल ती. चुलतभाऊ त्या बैठकीत म्हणाला होता, माझ्याकडं न बघता, "दोन हात जास्त घ्या म्हनावं. पुढं लागंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मी, भर बैठकीत उठून, "मला कुणाची मेहरबानी नको. माझी गाडी जाईल एवढी वाट सोडा, बाकीची जागा ज्याची त्याला लखलाभ," असं बोललो. तिथंच न थांबता गाडीचे आरसे मिटवले, ती हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली आणि दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं सोडून चुन्याची फक्की मारायला लावली. त्या फक्कीवर भिंती उठल्या. वर मीच कागदावर सही केली.

म्हणजे वाट माझ्या गाडीच्या मापाची शिवलेली होती, आणि शिंपी मीच होतो.

नवी चाकं मडगार्डच्या बाहेर येत होती. किती, ते मी पाहिलं होतं, बोटांनी मोजलंसुद्धा होतं, आणि मोजून खूश झालो होतो. फिटरनं सुकाणू पूर्ण वळवून दाखवलं, आतलं प्लास्टिक घासत होतं तेवढं कापलं. बायकोनं हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, अंगणातल्या अंगणात मी गाडी मागंपुढं केली आणि लिंबं फोडली. आई ओट्यावर बसून बघत होती.

"एवढ्या मोठ्या चाकांना कुटं जायचंय?" तिनं विचारलं.

"तुलाच न्यायचंय," मी म्हणालो. "आता कितीही चिखल होऊ दे, तुझा वार चुकत नाही."

तिनं मान खाली घातली. लाजली असेल असं मला वाटलं.

सोमवारी सात वाजता स्टूल लावून आईला मागच्या सीटवर चढवलं. गाडी उंच झाल्यानं तिचे गुडघे कुरकुरले, पण बसली. मी आरसे मिटवले आणि रोजच्या सवयीनं बोळात घुसलो. पहिली वीस पावलं सरळ आहेत. तिथं कसाबसा निघालो, बोटभरही जागा नव्हती, टायरांच्या कडा भिंतीला चाटत होत्या. खर्र असा आवाज येत होता. मला वाटलं खडा असेल. पुढं बोळ थोडा डावीकडं वळतो. मी सुकाणू वळवलं, पुढचं चाक भिंतीत घुसल्यासारखं झालं आणि गाडी थांबली. मी जोर दिला. रबर जळाल्याचा वास आला. मागं घ्यायला गेलो तर मागचं चाक दुसऱ्या भिंतीवर चढायला लागलं आणि गाडी कलंडते की काय असं वाटून आई "अगं बाई" म्हणाली. मी गाडी बंद केली.

दार उघडायला गेलो, ते दोन बोटं उघडलं. दुसऱ्या बाजूचं तेवढंच. मागचं दार बाजूला उघडणारं, त्यावर नवं पाचवं चाक टांगलेलं. ते वीतभर उघडून भिंतीला टेकलं. तेव्हा मला सगळं एकदम कळलं. कागद, सही, फक्की, माझं ते भाषण. माझ्याच मापाच्या खोक्यात मी आईला घालून बसलो होतो. सव्वासात झाले होते आणि साडेनऊला मशीन.

मी खिडकीतून बाहेर पडलो, पोट खरवडून घेतलं आणि बोनेटवरून पुढं उतरलो. आईला तसं काढणं शक्य नव्हतं. तिच्या डाव्या हातावर सुया टोचायची जागा शस्त्रक्रियेनं केलेली आहे, त्या हाताला धरायचंसुद्धा नाही. मग माझ्या हुशारीनं शेवटचा प्रयोग केला. चिखलात टायरची हवा कमी करतात हे मी शंभर वेळा बघितलं होतं. मला वाटलं, हवा काढली की टायर बारीक होईल आणि गाडी सुटेल. टपावरून मागंपुढं करत चारही चाकांची हवा काढली. हवा गेली की माणूस आक्रसतो. टायर मात्र खाली बसला आणि दोन्ही बाजूंना फुगला. होती नव्हती ती फटही बुजली.

तेवढ्यात भिंतीच्या वर चुलतभावाचं डोकं आलं. दूध काढून आला असावा, हातात बादली होती. त्यानं गाडी बघितली, टायर बघितले, मला बघितलं नाही.

"काकी," तो आईला म्हणाला, "त्याला म्हनावं, हवा कशापायी काडली?"

आईनं काच खाली केली. "हवा कशापायी काडली म्हनतोय."

"ऐकू आलं," मी म्हणालो. "त्याला सांग, माझी गाडी, माझी हवा."

"त्याची गाडी, त्याची हवा म्हनतोय."

"त्याला म्हनावं, वाट बी त्याच्याच मापाची हाय. आमी दोन हात जास्त देत हुतो."

"दोन हात जास्त..." आईनं सुरुवात केली आणि थांबली. "मी काय पोष्ट हाय का रं तुमची? एका हातावर उभी हाईत दोगं. बोला की तोंडानं."

मला इतकी शरम वाटली की रागाला जागा उरली नाही. बायको मागून येऊन उभी राहिली होती, पदर तोंडाला लावून. ती हसत होती की रडत होती हे मी बघितलं नाही. एकूण चार माणसं होती आणि चौघांनाही पुढं जाता येत नव्हतं. आई तेवढी निवांत. तिनं पाय सीटवर घेतले होते, मांडी घातली होती आणि उंच झालेल्या गाडीच्या खिडकीतून, भिंतीवरून, चुलतभावाच्या अंगणातल्या कोंबड्या बघत होती. तीन वर्षांत तिनं ते अंगण बघितलं नव्हतं.

"ह्यो पारिजात कवा लावला?" तिनं त्याला विचारलं.

"दोन वर्सं झाली, काकी." मग तो जरा थांबून म्हणाला, "किती वाजता पोचायचं आसतं?"

"साडेनऊ," मी म्हणालो.

"आन् न्हाई पोचलं तर?"

त्यानं आईला विचारलं होतं, पण उत्तर मीच दिलं. मागच्या वेळी काय झालं ते सांगितलं. पाय, दम, डॉक्टर काय म्हणाले ते. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. बादली खाली ठेवली आणि गोठ्याकडं गेला. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पहार होती.

"थांब रं," आई म्हणाली. "भित मोडू नको."

"भिताडाचं काय घेऊन बसलात, काकी. परत बांदू."

"भिताडासाटी न्हाई म्हनत." तिनं पाय खाली सोडले. "मला आज जायचं न्हाई."

बायको पुढं सरकली. मी बोनेटवरून खिडकीशी वाकून म्हणालो, "काय बोलतेस? दुखतंय का काही?"

"दुकत न्हाई. जायचं न्हाई." ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती समोरच्या काचेतून. "मागं पावसात तुजी गाडी रुतली. त्या दिवशी मी चुलीपाशी बसून भाकर खाल्ली. सून न्हाई म्हनत हुती तरी इवलासा ठेचा घेतला. दुपारी झोपले. लई दिसांनी अशी झोपले, बग. कुनी सुई टोचली न्हाई, कुनी वजन केलं न्हाई. म्हनलं, देवानं एक वार दिला. पाऊस आला की मी वाट बगत आसते, आज तरी गाडी रुतंल का म्हनून. आन् तू ही चाकं आनली."

मला सुचलं ते मूर्खासारखं होतं. "आई, मरशील अशानं."

"मरायचं न्हाई मला. मरायचं आसतं तर तांब्याभर पानी नसते प्याले व्हय? मला एक वार घरी बसायचंय. निस्तं बसायचंय. आज गाडी अडकलीया. तुजी चूक न्हाई, माजी न्हाई. आडकू दे की."

माझ्या मनात आलं की तिचं म्हणणं खरं आहे. गेली दोन वर्षं मी माझ्या अडकण्याचा हिशोब ठेवत होतो, माझं दुकान, माझे तीन वार, माझी चाकं. खरी बांधलेली ती होती, आणि चिखल ही तिची एकुलती सुट्टी होती. ती मी पाच रुंद टायर आणून बंद केली होती. तिला एक दिवस द्यावा असं मला मनापासून वाटलं. आणि त्याच वेळी तिचे ते सुजलेले पाय डोळ्यांसमोर आले. मी घाबरलो. दुसरा शब्द नाही त्याला.

मी चुलतभावाकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता. त्याच्याही तोंडावर तीच भीती होती. त्याची आई, माझी चुलती, चार वर्षांपूर्वी गेली तेव्हा आमचं बोलणं होतं; शेवटच्या दिवशी आम्ही दोघांनी तिला याच गाडीतून नेलं होतं. वाटेतच गेली.

"तू गाडीत बस," तो मला म्हणाला. थेट माझ्याशी, तीन वर्षांत पहिल्यांदा.

मी बोनेटवरून चढून खिडकीतून आत शिरलो. त्यानं वळणावरच्या भिंतीवर पहार घातली. गिलाव्याचे पापुद्रे पडले, मग एक वीट, मग तिच्याखालच्या चार. बायको टपावरून पुढं उतरून वाटेतल्या विटा बाजूला करत होती. आई आधी म्हणत होती, "आरं नको, आरं लेकरांनो नको." तिनं दोनदा म्हटलं. मग तिसऱ्यांदा म्हटलं नाही. तिनं खिडकीची काच वर केली आणि पदर नीट डोक्यावर घेतला. भिंतीला गाडीचं चाक जाईल एवढं खिंडार पडलं तेव्हा आठ वाजायला आले होते. तो "डावीकडं घे, आजून घे, आता सोड," असं ओरडत पुढं पुढं चालत होता आणि मी तो सांगेल तसं सुकाणू वळवत होतो. लहानपणी बैलगाडी मागं घेताना आम्ही असंच करायचो. मला आनंद झाला होता. आई मागं गप्प बसलेली असताना मला आनंद झाला होता, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

फाट्यावर पंक्चरच्या दुकानात हवा भरली आणि निघालो. नगरपर्यंत टायर घूं घूं करत होते. आई एक शब्द बोलली नाही. कांद्याच्या गाड्या, दुधाचे टँकर, उसाच्या बैलगाड्या, एरवी ती सगळ्यांवर काही ना काही बोलते.

मशीनवर आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. सिस्टर रागावली, पण जागा ठेवली होती. आईनं स्वतःच हात पुढं केला. सुया टोचताना तिनं तोंड भिंतीकडं वळवलं, नेहमीसारखं. मी शेजारच्या स्टुलावर बसलो. तासाभरानं माझा मोबाईल वाजला. त्यावर चुलतभावाचं नाव दिसलं. ते नाव मी रागाच्या भरात कधी काढून टाकलं नव्हतं हे मला तेव्हाच कळलं.

"पोचली का?" त्यानं विचारलं.

"पोचली. लावलं मशीन."

"लई बरं झालं. ती भित मी तशीच ठिवतो आता. सगळीच काडतो हवं तर. बुदवारी अडचन नको."

"बरं," मी म्हणालो. अजून काही म्हणायचं होतं, पण फोन ठेवला.

आईनं तोंड वळवलं नाही. "कुनाचा फोन हुता?"

"त्याचा."

"काय म्हनला?"

"बुधवारी अडचण नको म्हणून सगळीच भिंत काढतो म्हणाला."

मशीन तिच्या अंगातलं रक्त आत घेत होतं आणि बाहेर सोडत होतं. मला वाटलं तिला झोप लागली.

"म्हंजी आता मला न्यायला तुमी दोगं झालात," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी घड्याळ बघितलं. अजून तीन तास बाकी होते.